‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून राहिलेलं काम हातावेगळं कसं करावं

वडील जाऊन चार वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, अशी घरं गावोगाव सापडतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत खबर द्यायची असते. तरीही मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सरकारला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम काढावी लागली. ही माणसं आळशी नाहीत. हीच रात्री-अपरात्री उठून पिकाला दारं धरतात, पोरांची फी वेळेवर भरतात. मग हेच एक काम का राहतं?

फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं, की चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा भावनेत जास्त असतं. काम आठवलं की जीव नकोसा होतो, पुढे ढकललं की लगेच हलकं वाटतं. त्या हलकेपणाचीच मनाला सवय लागते. म्हणून नुसतं वेळापत्रक भिंतीवर लावून फरक पडत नाही.

1. नेमकं काय टोचतंय ते लिहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण हीच गाळतात. कागदावर एकच वाक्य लिहा. वारसनोंदीच्या बाबतीत ते कुणाचं असेल, ‘तलाठी काय विचारतील कळत नाही.’ कुणाचं, ‘आईकडे मृत्यूचा दाखला मागायला तोंड होत नाही.’ आणि कुणाचं, ‘बहिणींची नावं लावायची म्हटलं तर दादा काय म्हणेल?’

काम एकच, पण अडचणी तीन आणि उपायही तीन. पहिल्याने ज्यांनी नोंद करून घेतली आहे अशा शेजाऱ्याला फोन करावा. दुसऱ्याने आईजवळ बसून दोघांनी मिळून कागदांची पेटी उघडावी. ते दुःख एकट्याने उचलायचं नसतं. तिसऱ्याची गोष्ट ऑफिसातली नाहीच, घरातली आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा आधी दादाशी बोलावं, अर्ज नंतर.

2. पहिलं पाऊल दिसेल इतकं लहान करा. ‘वारसनोंद करायची’ असं म्हटलं की सगळा डोंगर एकदम समोर येतो. आज फक्त मृत्यूचा दाखला, ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) एका पिशवीत ठेवा, बस. वारसांची यादी उद्या, प्रतिज्ञापत्र त्यानंतर. मग अर्ज तलाठी कार्यालयात द्या किंवा सरकारच्या ‘ई-हक्क’ या संकेतस्थळावर ऑनलाइन करा. पुढे नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करतात. पुढची वाट अशी आधीच ठाऊक असली की निम्मी धास्ती तिथेच जाते.

3. ‘जमेल तेव्हा’ हे शब्द सोडा. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. तेव्हा ‘बुधवारी डेअरीला दूध घालून आलो की कपाटावरची पत्र्याची पेटी काढीन’ असं ठरवा. वार, वेळ, जागा, सगळं त्यात आलं. बहिणीला तसं सांगून ठेवा आणि रात्री फोन करून विचारायलाही सांगा.

4. बुधवार हुकला तर स्वतःला बोल लावू नका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल झाली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. हे पटण्यासारखं आहे. स्वतःला जितकं टोचून बोलाल तितकी त्या कामाची आठवण कडू होत जाते, आणि कडू झालेलं काम मन आणखी टाळतं. गुरुवारी दूध घालून आलात की पेटी काढा.

एखादं काम रेंगाळणं वेगळं. पण आंघोळ, जेवण, लोकांशी बोलणं, सगळंच आठवडेच्या आठवडे नकोसं वाटत असेल, झोप उडाली असेल, तर वरच्या युक्त्यांवर विसंबू नका. नैराश्य किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा विकार यामागे असू शकतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.