गुंतवणूक आणि पर्यावरण कायद्यात नव्याने संशोधन करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून एलएलएम करून संशोधनाकडे वळणाऱ्या मराठी मुलामुलींमध्ये आंतरराष्ट्रीय गुंतवणूक कायदा आणि पर्यावरण यांच्या सांध्यावरचा विषय घेण्याकडे अलीकडे कल दिसतो. विषय चांगला आहे आणि त्यात अजून पुष्कळ काम बाकी आहे. मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत लिहिलेल्या शोधनिबंधांत काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा आढळतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच असते: गुंतवणूक लवादाचा, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराची शासनाविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचा, निवाडा न वाचता त्याच्या सारांशावर भिस्त ठेवणे आणि देशादेशांमधल्या ज्या गुंतवणूक करारावर तो निवाडा उभा आहे त्या कराराकडे तर वळूनही न पाहणे.

म्हादईला गुंतवणुकीचा वाद समजू नका

आपल्या भागातला विद्यार्थी विषय निवडताना आधी म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादाकडे पाहतो, आणि ते साहजिकच आहे. कणकुंबीचे कळसा-भांडुरा प्रकल्प लहानपणापासून कानावर पडलेले असतात. पण हा वाद कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यातला आहे. तो 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याखाली नेमलेल्या लवादापुढे चालला आणि त्या लवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निर्णयात कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिले. यात परदेशी गुंतवणूकदार कुठेच नाही. दोन्ही ठिकाणी लवाद हा शब्द येतो एवढ्यावरून आराखड्यात 'आंतरराष्ट्रीय गुंतवणूक लवाद आणि म्हादई' असे शीर्षक टाकले, तर परीक्षक पहिल्याच पानावर थांबतो.

कोणताही स्थानिक वाद या विषयात घेण्यापूर्वी काही प्रश्नांची लेखी उत्तरे काढावीत. गुंतवणूकदार कोणत्या देशाचा आहे? त्या देशाशी आपला करार आहे का, आणि तो त्या तारखेला अमलात होता का? शासनाच्या नेमक्या कोणत्या कृतीबद्दल तक्रार आहे? उत्तरे मिळत नसतील तर तो विषय देशांतर्गत पर्यावरण कायद्याचा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. खबरदारीचे तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोर प्रकरणात सांगितले. तेवढ्या एका धाग्यावरही पूर्ण प्रबंध उभा राहतो.

निवाड्याचे पुढे काय झाले ते तपासा

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. गुंतवणूक लवादाचा निवाडा फक्त त्या वादातल्या पक्षांवर बंधनकारक असतो आणि पुढच्या लवादाला तो पाळावाच लागतो असे नाही. तरीही आपल्याकडे तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखा उद्धृत केला जातो. मेटलक्लॅड विरुद्ध मेक्सिको हे नेहमीचे उदाहरण पाहा. घातक कचऱ्याच्या डेपोला नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला आणि 2000 मध्ये लवादाने कंपनीला सुमारे 1 कोटी 67 लाख डॉलर भरपाई मंजूर केली, इथपर्यंत सर्वजण लिहितात. पुढच्याच वर्षी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने पारदर्शकतेच्या कर्तव्यावर आधारलेला भाग रद्द केला, मात्र पर्यावरणविषयक राजाज्ञेमुळे मालमत्ता हिरावली गेल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. हे मात्र फार थोडे जण लिहितात. त्यामुळे पारदर्शकतेच्या मुद्द्यावर मेटलक्लॅडचा आधार घेणारा निबंध अर्ध्यावरच कोसळतो.

इको ओरो विरुद्ध कोलंबिया या प्रकरणात तर घाई अधिकच महागात पडते. सांतुर्बान येथील उंचावरच्या ओल्या कुरणांच्या परिसंस्थेत खाणकाम रोखल्याबद्दल 2021 मध्ये लवादाने कोलंबियाला जबाबदार धरले. करारात पर्यावरणाचे अपवाद कलम असूनही भरपाईचे दायित्व टळत नाही, असे लवादाचे म्हणणे होते आणि त्यावर जगभरातून टीका झाली. पण 2024 च्या अंतिम निवाड्यात कंपनीच्या पदरात भरपाई म्हणून काहीच पडले नाही. रॉकहॉपर विरुद्ध इटलीतही तसेच घडले: 2022 मध्ये सुमारे 19 कोटी युरो मंजूर करणारा निवाडा 2025 मध्ये रद्द झाला. म्हणून निबंध पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात, वापरलेल्या प्रत्येक निवाड्याची सद्यस्थिती पुन्हा पाहावी. हे काम दिवसभरात उरकते.

दुसरीकडे, लवाद नेहमी कंपनीच्याच बाजूने जातात हे गृहीतही तपासून पाहावे. पेट्रोलमधील एका द्रव्यावरच्या कॅलिफोर्नियाच्या बंदीबाबतच्या मेथनेक्स प्रकरणात 2005 मध्ये अमेरिका जिंकली. इक्वेडोरमधील तेलप्रदूषणाबद्दल बर्लिंग्टन कंपनीला 2017 मध्ये त्या देशाने केलेल्या प्रतिदाव्यात (उलट दाव्यात) 4 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. सोयीची दोन प्रकरणे एका बाजूची घेऊन सिद्धांत मांडणे सोपे असते, पण मौखिक परीक्षेत तो टिकत नाही.

भारताचा नमुना करार म्हणजे करार नव्हे

भारताचा 2015 चा द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा नमुना हा वाटाघाटीसाठीचा मसुदा आहे. त्यात परदेशी गुंतवणूकदाराने आधी 5 वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी असे आहे. संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये झालेल्या करारात मात्र ती मुदत 3 वर्षांवर आली. नमुन्यातले कलम उचलून 'भारताच्या करारांत असे आहे' असे विधान करणे म्हणूनच धोक्याचे. जुने करार भारताने संपवले, तेव्हा प्रश्न मिटला असेही लिहू नये. अनेक करारांत आधीच्या गुंतवणुकीला संपुष्टीनंतरही बरीच वर्षे संरक्षण देणारे कलम असते. आणि भारत आयसीएसआयडी कराराचा (गुंतवणूक वाद सोडवणाऱ्या जागतिक बँकेच्या केंद्राच्या कराराचा) सदस्य नाही, एवढी साधी गोष्ट चुकली की वाचकाचा पुढच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो.

निपाणीचा तंबाखू वापरा, पण नीट

स्थानिक धागा हवाच असेल तर निपाणी उत्तम. फिलिप मॉरिस विरुद्ध उरुग्वे (2016) मध्ये सिगारेटच्या पाकिटाच्या 80 टक्के भागावर आरोग्याचा इशारा आणि एका ब्रँडचा एकच प्रकार हे दोन नियम लवादाने वैध ठरवले आणि कंपनीला उरुग्वेच्या खर्चापोटी 70 लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडे 85 टक्के इशाऱ्याचा नियम कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रद्द केला आणि जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. हे दोन्ही मार्ग शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. मात्र हा विषय मुख्यतः सार्वजनिक आरोग्याचा आहे, पर्यावरणाचा नव्हे, हे प्रास्ताविकातच स्पष्ट करावे. तसेच तंबाखू पिकवणारा शेतकरी अशा लवादात पक्षकार नसतो; फार तर त्रयस्थाचे निवेदन स्वीकारले जाते. त्याचे म्हणणे निवाड्यात सापडले नाही म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष काढू नये.

कागदपत्रे अर्धीच वाचणे

इंग्रजीतला निवाडा आणि मराठी वर्तमानपत्रातली कात्रणे एवढ्यावर काम भागवणारे आपल्याकडे बरेच आहेत. साखर कारखाना किंवा डिस्टिलरीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली की तिचे इतिवृत्त आणि चित्रीकरण या दोन्ही गोष्टी तयार होतात. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेने चित्रीकरण बंधनकारक केले आहे. 'आमच्या विहिरीचे पाणी मार्चनंतर काळे येते' असे कोणी मराठीत उठून सांगितले, तरी इतिवृत्तात 'पाणीप्रदूषणाबाबत हरकत' एवढेच उरू शकते; विहीर, गाव आणि महिना चित्रीकरणातच सापडतात. दोन्ही गोष्टी माहितीच्या अधिकारात मागाव्यात. शासकीय कागद कन्नडमध्ये असतात म्हणून ते बाजूला ठेवू नयेत. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घ्यावे आणि निबंधात त्याचे ऋण नोंदवावे. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्याने जमिनीची जुनी दप्तरे मोडी किंवा मराठीत निघण्याची शक्यता असते आणि तिथे आपली बाजू भक्कम असते.

नियतकालिकाबद्दल थोडेसे

'8 दिवसांत प्रसिद्धी, शुल्क अमुक' असे ई-मेल आले की ते पुसून टाकावेत. यूजीसीने 2025 मध्ये केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकावर आणि त्याच्या विद्यापीठावर आली आहे. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून, ते खरोखर त्या मंडळावर आहेत का, हे विचारावे. उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत आणि तोच निबंध दुसरीकडेही पाठवू नये.