द्रवणांकाचा क्रम लावताना या चुका टाळा

दादरच्या एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येते: ‘गणात वरून खाली जाताना द्रवणांक कमी होतो.’ गण म्हणजे आवर्तसारणीतला उभा स्तंभ आणि द्रवणांक म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो ते तापमान. अल्क धातूंपुरते ते खरे आहे. लिथियम १८०.५ अंश सेल्सिअसला वितळतो, तर सिझियम २८.५ अंशांना, कारण अणू मोठा होत जातो तसा धातुबंध सैल पडतो. हेच वाक्य हॅलोजनांना (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन वगैरे) लावले की सगळा क्रम उलटा होतो.

सर्वांत जास्त गुण जातात ते तेराव्या गणात. एका मे महिन्यात मी गॅलियमची छोटी काचेची बाटली वर्गात नेली होती. सकाळी सातच्या तुकडीसमोर तिच्यात खडा खुळखुळत होता. दुपारी त्याच खोलीत बाटली तिरकी केली, तेव्हा गॅलियम ओघळला आणि काचेवर आरशासारखा लेप ठेवून गेला. चाचणीत ‘बोरॉन, ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, थॅलियम’ असा उतरता क्रम लिहिणाऱ्या मुलाला मी विचारले, ‘तुझ्या क्रमाप्रमाणे आत्ता इंडियम कसा असेल?’ तो ठामपणे म्हणाला, ‘सर, द्रव.’ मी इंडियमचा घट्ट तुकडा त्याच्या हातावर ठेवला. गॅलियम २९.८ अंशांना वितळतो, इंडियम १५६.६ आणि थॅलियम ३०४ अंशांना. घन गॅलियममध्ये प्रत्येक अणूला एकच शेजारी अगदी जवळचा असतो, बाकीचे दूर असतात. त्यामुळे ही रचना थोड्याशा उष्णतेने मोडते. गॅलियमचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचे तापमान, मात्र २००० अंशांच्या वर आहे, म्हणून द्रवणांकावरून उत्कलनांकाचा अंदाज बांधू नये.

दुसरी चूक आयोडीनची. ‘आयोडीनमधला बंध मजबूत, म्हणून द्रवणांक जास्त’ असे मुले लिहितात. तो बंध क्लोरीनमधल्या बंधापेक्षा कमकुवत आहे, आणि वितळताना तो तुटतही नाही. सैल पडते ते एका रेणूला दुसऱ्याकडे ओढणारे व्हॅन डर वाल्स बल, जे मोठ्या रेणूंत अधिक असते. मी स्वतः क्रम लावण्याआधी प्रत्येक मूलद्रव्यापुढे पेन्सिलीने ‘धातू’, ‘जाळे’ (सगळे अणू एकमेकांना बांधलेले) किंवा ‘सुटे रेणू’ असे लिहितो, म्हणजे वितळताना काय सुटणार ते कळते. सीईटीच्या घाईत पाठ केलेली युक्ती मुलांना जवळची वाटते, पण या तीन शब्दांना अर्धे मिनिटही लागत नाही.

गणात वरचा मॅग्नेशियम (६५० अंश) खालच्या कॅल्शियमच्या (८४२ अंश) आधी वितळतो, हे पाठच करावे. कार्बन नेहमीच्या वातावरणीय दाबाला वितळत नाही, त्याचे संप्लवन होते, म्हणजे तो घनातून थेट वायू होतो. आणि एकक आधी पाहावे: सोडियमचे ३७१ केल्विन आणि पोटॅशियमचे ६३.५ अंश सेल्सिअस यांची थेट तुलना करता येत नाही.