झेरॉक्सचा गठ्ठा नको, स्वतःची वही करा

परीक्षा जवळ आली की फोंडा असो वा म्हापसा, झेरॉक्सच्या दुकानात वह्यांचे ढीग पडतात. दहावीला मीही शेजारच्या ताईची वही झेरॉक्स करून आणली होती. अक्षर मोत्यासारखं. पण तिला जे पक्कं येत होतं ते तिनं गाळलं होतं, आणि मला नेमकं तेच येत नव्हतं. हे कळलं पेपर हातात पडल्यावर.

धडा वाचताना पेन लांब ठेवा, नाहीतर पुस्तकच वहीत उतरतं. एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा. मग पुस्तक उघडून चुकलेलं, राहिलेलं लाल शाईनं भरा. उजळणीला आधी तो लाल मजकूर बघायचा.

पानावर डावीकडे चार बोटं समास सोडा. तो प्रश्नांसाठी. समजा, गोवामुक्तीचा धडा आहे. उजवीकडे तुम्ही लिहिलंत: ‘१८ जून १९४६, मडगाव, लोहियांची सभा, अटक. १९ डिसेंबर १९६१, मुक्ती.’ एवढ्यावर थांबलात तर ती नुसती सनावळी. समासात लिहा: ‘देश १९४७ ला सुटला, मग आपल्याला आणखी १४ वर्षं का?’ आता धडा पुन्हा चाळावाच लागतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार बोलणी करायला तयार नव्हता. १९५१ साली तर पोर्तुगालनं घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरापारचा प्रांत’ ठरवलं. प्रश्न तुम्हालाच पडलेला असला की उत्तर सहसा विसरत नाही.

गणिताला ही पद्धत चालत नाही. तिथं फक्त चुकलेलं उदाहरण आणि कुठल्या पायरीवर घसरलात, एवढंच टिपा.

उजळणी त्याच रात्री, मग आठवड्यानं. उजवी बाजू हातानं झाकायची आणि समासातल्या प्रश्नांची उत्तरं मोठ्यानं द्यायची. नुसती वही चाळली की सगळं येतंय असं वाटतं, ते खरं नसतं.

आणि हो, आपल्या पावसात जेल पेनची अक्षरं पसरतात. बॉलपेन वापरा, सुटे कागद नकोत.

कुणी मैत्रिणीनं वही मागितली तर जरूर द्या, पण आधी तिचं पान तिला लिहून आणू दे. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. तुम्ही गाळलेलं तिच्याकडे सापडेल, तिचं तुमच्याकडे.