सेन्सर बदलूनही तोच कोड परत येतोय? मग आधी वायर आणि कपलर तपासा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कुठल्यातरी सेन्सरचा कोड निघतो, सेन्सर बदलला जातो, दिवा जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड. दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांत हे फार होतं आणि त्यात लोकांचे पैसे नाहक जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

स्कॅनर कधीच ‘सेन्सर खराब आहे’ असं सांगत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, एवढंच नोंदवतो की अमुक सर्किटमधून येणारा व्होल्टेज मला पटत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) आला, ईसीएमपर्यंतची वायर आली आणि अर्थिंगही आलं. जुन्या गाडीत सेन्सरच्या आधी बहुतेक वेळा कपलर आणि वायरच थकलेले असतात. म्हणून पार्ट विकत घेण्याआधी एक रविवार सकाळ या तपासणीला द्या.

लागणारं सामान फार नाही. डिजिटल मल्टिमीटर, ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (ईसीएममधले कोड वाचून फोनला पाठवणारा), फोनवर लाइव्ह डेटा दाखवणारं ॲप, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च आणि वीतभर वायर. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मल्टिमीटर, स्प्रे, स्लीव्ह सगळं मिळतं. अडॅप्टर लावायचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात असतं. भारतात बीएस-४ (धूर-प्रदूषणाच्या मानकाचा चौथा टप्पा) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडीचा दुसरा टप्पा लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांशी साधा अडॅप्टर सहसा बोलतो. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण कोड वाचायला कंपनीचा किंवा चांगल्या मल्टिब्रँड गॅरेजचा स्कॅनर लागतो.

१. कोड लगेच पुसू नका

कोड पुसला की त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेमही जाते. फॉल्ट नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होता, स्पीड किती होता, इंजिन किती तापलेलं होतं, हे सगळं त्यात असतं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. फॉल्ट दर वेळी थंड इंजिनवर येतो, तापल्यावर येतो की खड्ड्यांच्या रस्त्यावर कमी स्पीडला येतो, हे यातूनच कळतं. पेंडिंग कोडही बघा. दिवा लागण्याआधीची कुरबुर तिथे सापडते.

२. कोडमधले शब्द नीट वाचा

पी ०११८ हा कूलंट टेंपरेचर सेन्सरचा ‘सर्किट हाय’ कोड, तर पी ०११७ त्याचाच ‘सर्किट लो’. मेकॅनिक दोन्हींना ‘टेंपरेचर सेन्सरचा कोड’ म्हणतो, पण दोन्हींची तपासणी वेगळी आहे. ‘हाय’ म्हणजे बहुधा सर्किट कुठेतरी तुटलंय: वायर तुटली, पिन सैल झाली किंवा सेन्सर आतून ओपन झाला. ‘लो’ म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. ‘इंटरमिटंट’ असा शब्द दिसला तर थेट कपलर आणि वायरिंगकडे वळा.

३. बॅटरी आणि अर्थ

उभ्या गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, आणि इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना ती १० च्या फार खाली गेली तर कुठलाही कोड येऊ शकतो, मग बाकीचं तपासण्यात अर्थ नाही. आता इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि एसी लावून, मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवा. इथे फार तर ०.१-०.२ व्होल्ट दिसावं. जास्त दिसलं तर अर्थ केबलचे दोन्ही नटबोल्ट काढून पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसा. कोकणातल्या खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीत हे आधी करा.

४. कपलर उघडून बघा

कपलर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून काढा. आत टॉर्च मारा. पिनांवर हिरवट पूड आहे का, रबरी सील चपटं झालंय का, आत पाण्याचा किंवा कूलंटचा डाग आहे का? सर्व्हिसिंगच्या वेळी बोनेटखाली प्रेशरचं पाणी मारलं जातं, ते फाटक्या सीलमधून आत शिरतं. पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच, त्यामुळे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पूर्ण लांबीभर हाताने चाचपून घ्या, विशेषतः बॅटरी ट्रेच्या खाली.

शेजारच्या काकांच्या २०१२ च्या पेट्रोल हॅचबॅकला पी ०११८ सतत येत होता आणि सेन्सर आधीच बदलून झाला होता. इंजिन चालू ठेवून ॲपवर कूलंटचं तापमान लावलं, ८८ अंश दिसत होतं. कपलरजवळची वायर बोटाने जराशी वाकवली आणि आकडा एकदम उणे ४० वर गेला, सोडली की परत ८८. कपलरच्या दोन मादी पिनांपैकी एकीचं तोंड फाकलं होतं, म्हणून सेन्सरची पिन तिच्यात नुसती टेकून राहायची. टाचणीच्या टोकाने ती पत्ती आत दाबली, क्लीनर मारला, कपलर बसवला. त्यानंतर वायर कितीही हलवली तरी आकडा जागचा हलला नाही.

५. दोन वायरच्या सेन्सरची चाचणी

कूलंट आणि इनटेक एअरचे टेंपरेचर सेन्सर आतून थर्मिस्टर असतात. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० ते २५ अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम भरतो आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास येतो. ईसीएम ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सर त्यातला किती खाली ओढतो यावरून तापमान ठरवतो.

इग्निशन ऑन, इंजिन बंद, ॲपवर कूलंटचं तापमान. कपलर काढा. बहुतेक गाड्यांत आकडा उणे ४० वर जायला हवा. (रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो, हात लांब ठेवा.) आता वायरच्या तुकड्याने कपलरच्या दोन्ही पिना हलकेच जोडा, पिनांची तोंडं फाकवू नका. आकडा १३०-१४० किंवा त्याहून वर उडाला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठणठणीत आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा पिनांच्या पकडीत आहे. उणे ४० वरच अडकला तर वायर तुटली आहे, आणि नवा सेन्सर आणून काहीही होणार नाही. पी ०११७ असेल तर उलट बघा: कपलर काढल्यावरही आकडा वरच राहिला तर वायर कुठेतरी अर्थला लागली आहे.

पिना जोडण्याचा हा प्रयोग फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरवरच करायचा. तीन किंवा चार वायरच्या सेन्सरवर तो केला तर फ्यूज किंवा ईसीएम जाऊ शकतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर मल्टिमीटरही लावू नका.

६. गरम झाल्यावरच येणारा फॉल्ट

पी ०३३५ हा क्रँक पोझिशन सेन्सरचा कोड. गाडी ट्रॅफिकमध्ये तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत सेन्सर थंड झालेला असतो आणि रीडिंग अगदी बरोबर येतं. तो दोन वायरचा असेल तर थंड असताना रेझिस्टन्स लिहून ठेवा आणि काढलेल्या सेन्सरला हेअर ड्रायरने तापवत मीटर बघा. आकडा थोडा वाढणं नैसर्गिक आहे. तो एकदम उडाला किंवा ओपन दाखवला तर सेन्सर नक्की गेला आहे. इथे मात्र पार्ट बदला, आणि ओरिजिनलच घ्या. क्रँक सेन्सरमध्ये डुप्लिकेट मालाचे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

७. एकदम तीन-चार कोड आले तर

थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसी प्रेशर असे अनेक सेन्सर कित्येकदा एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे कोड येतात. कपलरवर ५ व्होल्ट मिळत नसतील तर इग्निशन बंद करून एकेक सेन्सर काढा आणि ऑन करून मोजा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. एकही काढून येत नसतील तर वायर बघा.

८. सीएनजी किट असेल तर

बाहेरून बसवलेल्या किटसाठी इंजेक्टर आणि काही सेन्सरांच्या वायरी कापून किंवा सोलून जोड मारलेले असतात. नुसत्या इन्सुलेशन टेपचा जोड दोन-तीन पावसाळ्यांत ढिला पडतो. ते सगळे जोड उघडून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. काही दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवून बघा. कोड सीएनजीवरच येत असेल तर किटचं ट्यूनिंग करून घ्या.

९. सेन्सर खरं बोलत असेल तर

पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), या कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो तेव्हा बहुतेकदा चांगलाच सेन्सर फेकला जातो. इथे ॲपवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला तो अधिक २० वगैरे आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल असेल तर कुठल्यातरी व्हॅक्युम पाइपातून हवा शिरतेय. जुन्या रबरी पाइपांना वाकवून भेगा शोधा. उलट, आरपीएम वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल फिल्टर आणि पंपाचं प्रेशर तपासा.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो उघडून त्याच परिस्थितीत गाडी चालवा. फॉल्ट तापलेल्या इंजिनवर ३० च्या स्पीडला येत होता तर तशीच चालवा, एक्सप्रेसवेवर नेऊन उपयोग नाही. बरेच कोड सलग दोन फेऱ्यांमध्ये दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर पेंडिंग कोड बघा. आणि गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायची झालीच तर ते फोटो आणि मीटरची रीडिंग्ज लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या, आणि पार्ट टाकण्याआधी वायर तपासायला सांगा.