कोरं लेबल, बंद फाइल: पायथन जीयूआय शिकताना

जीयूआय (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम) शिकायला घेतलं तेव्हा पहिलाच बग असा भेटला की तो बग वाटेचना. टीकेइंटरमध्ये (पायथनची जीयूआय लायब्ररी) एका फंक्शनच्या आत फोटोइमेज बनवली आणि लेबलला दिली. लेबलने जागा धरली, पण चित्र कोरं. एररही नाही. दोन संध्याकाळी फाइलचा पाथ तपासत बसलो.

पाथ बरोबरच होता. लेबल चित्राचं फक्त नाव लक्षात ठेवतं, पायथनमधला ऑब्जेक्ट धरून ठेवत नाही. फंक्शन संपलं, लोकल व्हेरिएबल गेलं, रेफरन्स काउंट (ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत तो आकडा) शून्यावर आला आणि ऑब्जेक्ट जाता जाता टीकेकडचं (टीकेइंटरच्या खालची मूळ लायब्ररी) चित्रही पुसून गेला. उपाय एका ओळीचा: इमेज सेल्फवर, म्हणजे खिडकीच्याच ऑब्जेक्टवर, ठेवायची. (शिकवणीतली उदाहरणं नीट चालतात, कारण त्यांत सगळं ग्लोबल असतं!)

पायक्यूटी या दुसऱ्या जीयूआय लायब्ररीत हेच दुसऱ्या खिडकीचं झालं. क्षणभर चमकली आणि गायब. पुढे उलटाही प्रकार पाहिला: पेरेंट विजेट (ज्याच्या आत बाकीचे घटक असतात) डिलीट झालं, त्याने सी++ बाजूची (क्यूटी मुळात सी++मधली) पोरंही सोबत नेली, आणि माझ्या हातात नुसतं पायथनचं टरफल. त्याला हात लावला की रनटाइमएरर. म्हणजे ऑब्जेक्ट एक दिसला तरी आयुष्यं दोन असतात.

मग मला 'विथ' (ब्लॉक संपताच वस्तू आपोआप आवरणारी पायथनची रचना) सापडलं आणि मी ते जिथे तिथे लावलं. लॉग फाइल कन्स्ट्रक्टरमध्ये विथने उघडली, बटणाच्या कॉलबॅकमध्ये (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) तिच्यात लिहिलं. पहिल्याच क्लिकला व्हॅल्यूएरर: फाइल बंद. बरोबरच आहे, इव्हेंट लूप (क्लिकची वाट पाहणारं चक्र) सुरू व्हायच्या आधीच विथचा ब्लॉक संपलेला. खिडकी जगेल तोवर लागणारी वस्तू सेल्फवर ठेवावी आणि क्लोजइव्हेंटमध्ये (खिडकी बंद होताना क्यूटी चालवतं ते फंक्शन) आवरावी.

विथ शोभतं ते एका हँडलरपुरत्या कामाला. लोडिंगचा कर्सर घ्या. सेटओव्हरराइडकर्सर केलं, मध्येच एक्सेप्शन आलं, की कर्सर फिरतच राहतो. स्वतःचं विथ बनवायला काँटेक्स्टमॅनेजर डेकोरेटर, यील्ड, आणि फायनलीमध्ये रिस्टोर, एवढ्याने भागतं. सिग्नल (विजेट पाठवतं त्या सूचना) थोडा वेळ गप्प करायला क्यूसिग्नलब्लॉकर थेट विथमध्ये चालतो.

ऑब्जेक्ट नक्की कधी मरतो हे बघायला मी वीकरेफ मॉड्यूलमधलं फायनलाइझ (ऑब्जेक्ट मरताना दिलेलं फंक्शन चालवणारं) लावून एक प्रिंट टाकतो. फक्त त्या कॉलबॅकमध्ये तोच ऑब्जेक्ट पकडू नका, नाहीतर तो मरतच नाही. मी लॅम्बडात सेल्फ लिहून बसलो होतो. प्रिंट आलं ते थेट प्रोग्राम बंद करताना.