मास्ट पेशी ‘फुटते’ असं लिहिताय? या चुका टाळा

द्राक्षतोडीच्या दिवसांत दिंडोरीकडच्या बागेत गांधीलमाशी चावली आणि हात टम्म सुजला, हे नाशिकच्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण सूज का आली ते लिहा म्हटलं, की वहीमागून वहीत तेच वाक्य : ‘मास्ट पेशी फुटते आणि हिस्टॅमिन बाहेर पडतं.’ माझी लाल शाई तिथेच संपते. मास्ट पेशी म्हणजे ॲलर्जीत सूज आणणारी रसायनं साठवून ठेवणारी प्रतिकारपेशी; हिस्टॅमिन हे त्यातलंच एक.

पेशी फुटत नाही. ही रसायनं तिच्या आत कणिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत, भरलेली असतात. कणिकेचं आवरण पेशीच्या बाहेरच्या आवरणात मिसळतं, तोंड उघडतं आणि हिस्टॅमिन, हेपरिन, ट्रिप्टेज असा माल बाहेर येतो. हे मिसळणं स्नेअर प्रथिनं घडवतात. मागच्या कणिका पुढच्यांना जोडल्या जातात, त्यामुळे खोलवरचा मालही त्याच तोंडातून निघतो. पेशी जिवंतच राहते आणि पुढे नव्या कणिका भरते. थोडा दोष नावाचाही असेल. पॉल एर्लिकने १८७८ साली ‘मास्ट’ म्हटलं ते खाऊन पुष्ट झालेली पेशी समजून. इतकं ठासून भरलेलं फुटणारच, असं वाटतं खरं.

‘परागकण आयजीईला चिकटला की झालं’, हेही अर्धवट. आयजीई म्हणजे ॲलर्जीतलं प्रतिपिंड (अँटिबॉडी); ते ज्याला धरतं तो परागकणासारखा पदार्थ म्हणजे प्रतिजन. मास्ट पेशीच्या रिसेप्टरवर आधीच बसलेले शेजारशेजारचे आयजीई प्रतिजनाने एकत्र बांधावे लागतात. तेव्हा कुठे लिन, सिक ही एन्झाइमं कामाला लागतात आणि पेशीत कॅल्शियम चढतं. प्रतिजन भरमसाट ओतला तर प्रत्येक आयजीई आपापला रेणू धरून बसतो, बांधणी होत नाही, स्रवण उलट घटतं. ‘डोस वाढवला तरी रीडिंग येईना’ म्हणणाऱ्यांनी आधी दहापट पातळ करून बघावं.

आयजीई हवंच असंही नाही. गांधीलमाशीच्या विषातलं मॅस्टोपॅरान मास्ट पेशीला थेट चाळवतं, म्हणून पहिल्याच चाव्यालाही सूज येते.

आणि ॲलर्जीवरचं औषध सेटिरिझिन कणिका अडवत नाही, हिस्टॅमिनची बसायची जागा अडवते.

आता प्रॅक्टिकल. कणिकांतून किती माल बाहेर आला ते कळायला त्यातलं बीटा-हेक्सोसॅमिनिडेज हे एन्झाइम मोजताना बफरमध्ये कॅल्शियम घालायला विसरणं ही आमच्याकडची जुनी परंपरा. दुसरी गफलत जास्त फसवी : प्रतिजन न घातलेल्या कंट्रोलमध्येच रीडिंग भरपूर येतं आणि पोरं खूश होतात. त्याच द्रवात एलडीएच, म्हणजे पेशी फाटली की बाहेर सांडणारं एन्झाइम, तपासा. तेही वाढलेलं असेल, तर पिपेटच्या दणक्याने पेशी मेल्यात. तिथे खुशाल ‘फुटली’ लिहा आणि नवी प्लेट लावा.