कॉइलला वात कशाची? कापूस, रेयॉन आणि बाकीच्यांची पारख

सिगारेट कधी ओढलीच नसेल, तर व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या भानगडीत पडू नका. निकोटिन वाफेतून आलं तरी सवय लावतंच. मी लिहितोय ते इथे ब्रिटनमध्ये राहून सिगारेट सोडलेल्या आणि आता स्वतः कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) बांधून व्हेप वापरणाऱ्या मंडळींसाठी. भारतात २०१९ च्या कायद्याने हे सगळं बंद आहे, त्यामुळे पुढचं सगळं इकडचंच समजा.

माझा हात कापसावर बसलाय तो इचलकरंजीत. तिथल्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापड स्कावरिंग-ब्लीचिंगला जाताना आणि बाहेर येताना तपासणं हे माझं काम होतं. आता लेस्टरला आहे. व्हेपच्या दुकानात कापसाच्या पाकिटावर ‘प्रीमियम’, ‘ऑरगॅनिक’, ‘झिरो टेस्ट’ असलं काही वाचलं की मला हसू येतं. वात म्हणजे कॉइलमधून ओवलेला, लिक्विड तारेपर्यंत ओढणारा तंतू. तिच्यासाठी कापसाला विचारायचे प्रश्न दोनच: मेण निघालंय का, आणि ओला झाल्यावर तो ताठ राहतो का?

आधी मेणाचं बघू. बोंडातून निघालेल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, आणि तो पाणी आत घेत नाही. गिरणीत कॉस्टिक सोड्यात उकळून तो काढतात, तेच स्कावरिंग. कपड्यात हे काम कच्चं राहिलं तर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. वातीत कच्चं राहिलं तर लिक्विड कॉइलपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि घशाला करपट झटका बसतो.

तपासणी सोपी आहे. चिमूटभर कापूस हलक्या हाताने सुटा करा आणि पाण्याच्या पेल्यात वरून सोडा. औषधी कापसाच्या प्रमाणग्रंथांत हीच चाचणी आहे, आणि कापूस दहा सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे अशी अट आहे. त्यांची पद्धत मोजूनमापून, तारेच्या टोपलीत ठेवून असते. आपल्याला घरी अंदाज आला तरी पुरे. दुसरी चाचणी तुमच्याच लिक्विडची. एक थेंब कापसावर सोडा. अळवावरच्या पाण्यासारखा तो वरच बसून राहिला तर पाकीट परत ठेवा.

यावरून ‘अनब्लीच्ड’ कापसाबद्दलही सांगून टाकतो. पिवळसर, सरकीचे कण दिसणारा कापूस म्हणजे नैसर्गिक, म्हणून चांगला, अशी एक समजूत आहे. ब्लीच न करता नीट स्कावर केलेला कापूस उत्तमच असतो. जपानी कापसाच्या चौकोनी पॅडांना व्हेपवाल्यांत नाव मिळालं ते उगाच नाही. पण स्कावरच न केलेला कापूस घरी साध्या पाण्यात कितीही उकळला तरी मेण पुरतं निघत नाही, त्याला अल्कली लागते. आणि घरी कॉस्टिक वापरायच्या फंदात मात्र पडू नका. औषधांच्या दुकानातला कॉटन वूल चालतो, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. काहींत व्हिस्कोज, म्हणजे रेयॉन, मिसळलेलं असतं, काहींना सुगंध दिलेला असतो. सुगंधवाला नकोच.

आता लिक्विड, कारण वात एकटीने निवडता येत नाही. लिक्विडमध्ये मुख्य घटक दोन, व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. २० अंश सेल्सियसला शुद्ध ग्लिसरीन ग्लायकॉलपेक्षा पंचवीसेक पट दाट असतं, आणि १० अंशांवर आणलं तर त्याचा दाटपणा आणखी दुपटीहून जास्त वाढतो. जानेवारीत गाडीत राहिलेला टँक (व्हेपची लिक्विड भरायची टाकी) सकाळी कोरडा झुरका देतो, तो यामुळे. अशा वेळी वातीला दोष देण्याआधी टँक दोन मिनिटं मुठीत धरून गरम करा. पन्नास-पन्नासच्या पातळ लिक्विडला जवळपास कुठलीही वात चालते. सत्तर टक्के ग्लिसरीन आलं की वातींमधला फरक कळायला लागतो.

कापूस तीन रूपांत मिळतो. पॅड स्वस्त. त्याचे वरचे दाबलेले थर सोलून टाकायचे आणि मधल्या मऊ भागाची पट्टी तंतूंच्या दिशेने कापायची. दुसरा म्हणजे विंचरलेला पेळू, ज्यात सगळे तंतू एका दिशेला असतात. लिक्विड तंतूंच्या मधल्या फटींतून चढतं, त्यामुळे सरळ, समांतर तंतू असतील तर वाट मोकळी राहते. माझी पसंती पेळूलाच. तिसरा प्रकार बुटाच्या नाडीसारखा, टोकाला प्लॅस्टिक लावलेला. कॉइलमध्ये ओवायला झकास, पण जाडी ठरलेली असते. तीन मिलिमीटरच्या कॉइलसाठी केलेली नाडी अडीचमध्ये कोंबली की गळा आवळला जातो. मग तंतू काढून ती बारीक करावी लागते, आणि एवढं करायचं तर पेळूच का घेऊ नये?

रेयॉन, म्हणजे आपलं व्हिस्कोज. सलूनमध्ये केस कुरळे करताना औषध डोळ्यांत उतरू नये म्हणून कपाळावर जी पांढरी जाड दोरी लावतात, ती व्हेपवाल्यांनी उचलली. व्हिस्कोजसुद्धा सेल्युलोजच, फक्त लगदा विरघळवून बारीक छिद्रांतून काढलेला. त्यामुळे मेणाचा प्रश्नच नाही. लिक्विड झटकन ओढतं आणि चवही स्वच्छ येते. दाट, ग्लिसरीनवाल्या लिक्विडला मी हेच वापरतो.

पण त्याची एक खोड आहे. कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते, आणि व्हिस्कोजची निम्म्याच्या आसपास येते. ओलं व्हिस्कोज लुळं पडून दबतं. म्हणून कापसाच्या सवयीने सैल भरलंत तर वात कॉइलच्या वरच्या बाजूने सुटते, तार उघडी पडते आणि तिथेच करपतं. कोरडं असताना ते कॉइलमधून ओढताना चांगलं घट्ट लागलं पाहिजे, तार वाकायला येईल की काय असं वाटेपर्यंत. ओलं झाल्यावर ते बरोबर बसतं.

‘बांबूची वात’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बांबूपासून केलेलं व्हिस्कोजच असतं. जास्त पैसे देऊ नका. हेंप म्हणजे ताग-अंबाडीच्या जातीचा भरड तंतू. उष्णता बरी सोसतो, पण सुरुवातीला गवताची चव येते. मला ती सहन होत नाही, कुणाला आवडतही असेल.

सिलिकाची दोरी ही जुन्या काळातली. जळत नाही, वर ज्वाला धरून साफ करता येते. पण ओढते हळू, आणि वापरून वापरून तिचे बारीक तुकडे सुटतात. जे फुप्फुसात जाऊ शकतं ते मी वापरत नाही, विषय संपला. स्टीलची जाळी गुंडाळून वात करणं हा जेनेसिस टँकवाल्यांचा (कॉइल वर आणि लिक्विड खाली असणाऱ्या टँकचा) छंद. ४०० किंवा ५०० नंबरची जाळी घ्यायची, ज्वालेवर तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा, नाहीतर तार आणि जाळीत शॉर्ट होतो. हौस असेल तर करा. ज्याला ओहमचं गणित येत नाही त्याने दूर राहिलेलं बरं.

आता प्रत्यक्ष भरणी. तोंडात वाफ धरून मग आत घेणाऱ्यांचा टँक धरून सांगतो. २८ गेजची (जाडीचा नंबर) कँथल, म्हणजे तापवायच्या मिश्रधातूची तार, आतला व्यास अडीच मिलिमीटर, सहा वेढे, म्हणजे रोध एक ओहमच्या थोडा वर येतो. वात घालण्याआधी कॉइल कमी पॉवरवर तापवा. आतून बाहेर सारखी लाल होत गेली पाहिजे. एकाच बाजूला लाल ठिपका दिसला तर सिरॅमिकच्या चिमट्याने हलकं दाबून वेढे सारखे करा. हे करताना कापूस आत नको.

पेळूची पट्टी घ्या, एक टोक पिळून टोकदार करा आणि ओवा. कापूस ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. मग तो पुढे-मागे दोनदा सरकवा, म्हणजे तंतू सरळ होतात. दोन्ही बाजूंनी डेकच्या, म्हणजे कॉइल बसवायच्या चकतीच्या कडेपर्यंत कापा. आता बहुतेक लोक घाई करतात तो भाग: शेपट्या, म्हणजे कॉइलबाहेरची दोन्ही टोकं, विंचरा. बारीक कात्रीच्या टोकाने टोकाकडचे तंतू सुटे करा आणि थोडे काढून टाका. आत कॉइलमध्ये भरगच्च आणि खाली लिक्विडच्या वाटेत विरळ, अशी वात हवी. शेपट्या वाटेच्या तोंडावर नुसत्या टेकवायच्या. खाली ठासल्या तर लिक्विड अडतं, वाट उघडी राहिली तर हवेच्या भोकातून गळतं. गळतंय म्हणून कापूस कमी करणारे बरेच भेटतात, तिथे खरं तर शेपट्या थोड्या जास्त हव्या असतात.

कॉइलवर आणि दोन्ही शेपट्यांवर थेंब सोडून वात पुरती भिजवा, टँक भरा आणि पाचेक मिनिटं थांबा. पहिले झुरके दहा वॅटवर घ्या, मग बारा-तेरावर जा. वात ओली असेपर्यंत कॉइलचं तापमान लिक्विडच्या उकळण्याच्या आसपास राहतं. कोरडी पडली की ते एकदम वर उडतं, कापूस करपतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं वाढतात. म्हणून करपट चव आली तर ‘जाईल दोन झुरक्यांत’ म्हणून ओढत बसू नका. वात काढा, नवी घाला.

बदलायची कधी? दिवस मोजण्यात अर्थ नाही, लिक्विडवर आहे. सुक्रालोज (कृत्रिम साखर) घातलेलं गोड लिक्विड कॉइलवर काळी पुटं चढवतं आणि तीनचार टँकांत कापूस चॉकलेटी होतो. गोडी नसलेलं तंबाखू किंवा पुदिन्याचं लिक्विड बरंच चालतं. चव मंदावली की उघडून बघा. मधला भाग तपकिरी, शेपट्या पांढऱ्या दिसल्या तर वय झालं म्हणून बदला. मधे एकाच ठिकाणी काळा डाग असेल तर तिथे लिक्विड पोचत नाहीये, पुढच्या वेळी कापूस किंचित कमी भरा. जुना कापूस काढून, कॉइल पाण्याखाली ब्रशने घासून, पुन्हा कोरडी तापवली की तीच कॉइल आणखी बऱ्याच वाती बघते.

उरलेला कापूस झाकणाच्या डब्यात ठेवा. स्वयंपाकघरात उघडा ठेवलेला पेळू फोडणीचा वास धरतो, आणि जिऱ्या-हिंगाच्या चवीचं व्हेप कुणालाच नको असतं.

सुट्टीला गावी जाताना हा सगळा संसार इकडेच ठेवा. भारतात व्हेपच्या आयातीवर बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबई विमानतळावर ‘हे माझ्यापुरतंच आहे’ म्हणून हुज्जत घालायची माझी तयारी नाही. तिकडे औषधांच्या दुकानात दोन मिलिग्रॅमची निकोटिन गम मिळते, माझं तेवढ्यावर भागतं.